वगळण्याचा अधिकार आणि विनयाची शिस्त

परदेशात स्थायिक झालेल्या समाजाच्या जीवनात संघटनेचे स्थान काय असते, हे मायदेशी राहणाऱ्यांना सहसा उमगत नाही. महाराष्ट्रातील वस्तीत विहार असतो, विहारापुढे मोकळी जागा असते, संध्याकाळी तेथे वडीलधारी मंडळी बसतात आणि कोणाच्या घरी जन्म, मरण, लग्न वा संकट आले तर ते न सांगताही सर्वांना कळते. येथे अमेरिकेत आपली घरे एकमेकांपासून तीस-तीस, चाळीस-चाळीस मैलांवर आहेत. शेजाऱ्याला आपले नाव नीट उच्चारता येत नाही आणि कचेरीतील भारतीय सहकाऱ्याला आपले आडनाव कळले की तो पुढे काय विचारील याचा अंदाज आपल्याला आधीच असतो. अशा परिस्थितीत विहारापुढील त्या मोकळ्या जागेचे काम आज बहुतेक शहरांत संघटनेचा व्हॉट्सअॅपवरील ग्रुप करीत आहे. भीमजयंतीची तारीख, मुलांच्या धम्मवर्गाची वेळ, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यासाठी खोली, मुलामुलींची स्थळे, गावाकडून आलेली दुःखद वार्ता, हे सारे तेथेच कळते. म्हणून या ग्रुपमधून एखाद्याचे नाव काढून टाकणे ही वरवर बोटाच्या एका स्पर्शाची क्रिया असली, तरी तिचा परिणाम एका कुटुंबाला समाजाच्या अंगणाबाहेर उभे करण्याइतका मोठा असतो.

हा अधिकार कोणाच्या हाती असावा, तो कोणत्या नियमांनी बांधलेला असावा आणि त्याचा वापर चुकला तर दाद कोठे मागावी, या प्रश्नांचा विचार आपल्या संघटनांनी अद्याप गांभीर्याने केलेला नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. याविषयी जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे: ज्यांच्या हाती वगळण्याचा अधिकार आहे, त्यांनी नियम आधी सांगावा, आरोप समोर मांडावा, बाजू ऐकून घ्यावी, निर्णयाचे कारण लेखी द्यावे आणि तो निर्णय दुसऱ्या कोणाकडून तपासला जाण्याची वाट मोकळी ठेवावी. ही तत्त्वे आपल्याला कोणाकडून उसनी आणावयाची नाहीत. ती तथागतांच्या संघात होती आणि बाबासाहेबांनी ती आपल्या दृष्टीस आणून दिली आहेत.

रोगाची लक्षणे

वैद्यकीय व्यवसायात उपचाराआधी लक्षणे नोंदवावी लागतात. आपल्या संघटनांतील या विकाराची लक्षणे वाचकांना परिचयाची असतील. कोणी एक सभासद जयंतीच्या खर्चाचा हिशेब विचारतो. प्रश्न सरळ असतो, पण त्याची भाषा थोडी तिखट असते. काही वेळाने त्याचा मजकूर पुसला जातो. तो पुन्हा विचारतो, आणि रात्रीतून त्याचे नाव ग्रुपमधून नाहीसे होते. दुसऱ्या दिवशी कोणी चौकशी केलीच तर “त्यांनी वातावरण बिघडवले” एवढेच उत्तर मिळते. कोणता नियम मोडला, तो नियम कोठे लिहिलेला आहे, निर्णय किती जणांनी मिळून घेतला, यांपैकी काहीच कोणाला ठाऊक नसते. उलट त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात चालकांच्या निकटच्या एका गृहस्थाने भारतातील एखाद्या पक्षाच्या नेत्याविषयी त्याहून कितीतरी कठोर शब्द वापरलेले असतात, आणि त्यावर टाळ्यांची चित्रे उमटलेली असतात.

यात दोन स्वतंत्र दोष आहेत. एक, नियम नसणे; दुसरा, असलेला नियम माणूस पाहून लावणे. दुसरा दोष अधिक घातक आहे, कारण त्यामुळे निर्णय योग्य असला तरी त्यावरचा विश्वास उडतो. ज्याला वगळले तो दुखावतोच, परंतु जे राहिले तेही गप्प होतात. हिशेब विचारण्याआधी, महिलांच्या सहभागाविषयी बोलण्याआधी, एखाद्या ठरावाला विरोध करण्याआधी ते दहादा विचार करतात. बाहेरून शांतता दिसते, ग्रुपवर केवळ सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा फिरत राहतात, आणि आतून संघटना क्षीण होत जाते. पुढे एक दिवस त्याच शहरात दुसरी संघटना स्थापन होते. एकाच महामानवाच्या दोन जयंत्या दोन सभागृहांत, कधीकधी एकाच दिवशी, साजऱ्या होऊ लागतात. आपल्यातील अनेक फुटींचे मूळ विचारांच्या भेदात सापडत नाही. न विचारता झालेल्या एखाद्या अपमानात ते सापडते.

बहिष्कृतांनी बहिष्कार करावा काय?

ही गोष्ट इतर कोणत्याही समाजापेक्षा आपल्याला अधिक बोचली पाहिजे. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पुस्तकात वाचले नव्हते. गावकीने ठरवले की वाण्याने मीठ देऊ नये, शेतात मजुरी मिळू नये, वाटेने जाऊ देऊ नये, आणि हे ठरवताना ज्यांच्याविरुद्ध ठरवले त्यांना चावडीवर बोलावून विचारण्याची गरज कोणालाही वाटत नसे. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या समितीवर बाबासाहेब सभासद होते. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे दलितांना दडपण्याचे किती भयंकर शस्त्र आहे, याची नोंद आहे. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हक्कांची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी स्पष्ट मागणी होती. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा संमत केला तो २०१६ साली, आणि तो अमलात आला २०१७ साली. या मागणीचा प्रवास किती दीर्घ आहे हे यावरून ध्यानी येईल.

ग्रुपमधून नाव काढणे आणि गावाने पाणी तोडणे यांची बरोबरी करावी, असे कोणी म्हणणार नाही. तशी तुलना करणे हा पूर्वजांच्या यातनांचा अवमान ठरेल. परंतु दोहोंच्या प्रक्रियेत एक साम्य आहे आणि त्याकडे डोळेझाक करता येत नाही. आरोप न सांगणे, बाजू न ऐकणे, कारण न देणे आणि परतीची वाट न ठेवणे ही गावकीची रीत होती. ज्यांच्या हितासाठी बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले, त्यांच्या वारसांच्या संस्थांत तीच रीत सूक्ष्म रूपाने का होईना शिरावी, हे शोभणारे नाही.

बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभवही येथे आठवावा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या १९३६ सालच्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी त्यांना निमंत्रण दिले. भाषणाचा मजकूर हाती आल्यावर मंडळाने त्यातील काही भाग गाळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी मजकुरात बदल करण्यास नकार दिला आणि परिषद रद्द झाली. पुढे त्यांनी काय केले ते महत्त्वाचे आहे. ते भाषण त्यांनी त्याच वर्षी स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही प्रस्तावनेत दिला, म्हणजे निर्णय वाचकाने करावा. गांधीजींनी ‘हरिजन’मधून टीका केल्यावर १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका आणि आपले उत्तर ही दोन्ही त्यांनी वाचकांपुढे ठेवली. ज्यांचा आवाज रोखला गेला, त्यांनी प्रतिपक्षाचा आवाज मात्र रोखला नाही. आपल्या ग्रुपच्या चालकांसाठी याहून मोठा आदर्श कोणता?

नियंत्रण हवेच

याचा अर्थ कोणीही काहीही लिहावे आणि चालकांनी हात बांधून पाहत राहावे असा नाही. नियंत्रण नसलेला ग्रुप फार काळ सर्वांचा राहत नाही. तो सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याचा होतो. एखाद्या भगिनीला उद्देशून अश्लील वा उपहासाचे शब्द येऊ लागले की ती बोलणे थांबवते, आणि तिच्यापाठोपाठ इतर भगिनीही थांबतात. औषधोपचारांविषयीच्या निराधार अफवा वयोवृद्ध सभासदांच्या जिवावर बेतू शकतात, हे कोरोनाच्या साथीत आम्हा डॉक्टरांनी जवळून पाहिले. भारतातील निवडणुका आल्या की उपजातींचे जुने हिशेब पुन्हा निघतात.

याशिवाय आपल्या समाजापुरता एक विशेष धोका आहे. या देशात आपल्यापैकी अनेक जण नोकरीच्या ठिकाणी आपली जात उघड करीत नाहीत. तसे का करावे लागते याची चर्चा येथे नको. पण आपल्या ग्रुपमधील नावे, छायाचित्रे वा संभाषण कोणी बाहेर पाठवले, तर एखाद्या बांधवाची कचेरीतील स्थिती क्षणात बदलू शकते. सिअॅटल नगर परिषदेने २०२३ साली जातीवर आधारित भेदभावाला बंदी केली. कॅलिफोर्नियात मात्र त्याच वर्षी विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. कायद्याचे संरक्षण असे ठिकठिकाणी वेगळे असताना परस्परांची गोपनीयता जपणे हे आपले प्राथमिक कर्तव्य ठरते. जो ती भंग करतो त्याला तत्काळ थांबवलेच पाहिजे. प्रश्न नियंत्रण असावे की नसावे हा नाही. ते कोणत्या शिस्तीने चालावे, हा आहे.

संघाची कार्यपद्धती

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला एका विस्मृत गोष्टीचे स्मरण करून दिले. भारताला संसदीय पद्धती अपरिचित नव्हती, ती भिक्षुसंघात रुजलेली होती, हे सांगताना त्यांनी आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव आणि एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा न उकरणे अशा नियमांची यादीच दिली. आपण हा उतारा अभिमानाने सांगतो, परंतु आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत तो उतरत नाही.

विनयपिटकात या कार्यपद्धतीचे तपशील आहेत. वाद मिटवण्याच्या सात रीती तेथे सांगितल्या असून त्यांत सन्मुख विनयाला अग्रस्थान आहे. ज्याच्याविषयी निर्णय करायचा, तो समोर असला पाहिजे. त्याच्या पाठीमागे केलेले कर्म धर्माला धरून नाही. मतभेद न मिटल्यास शलाकांद्वारे बहुमत घेतले जाई. शलाका वाटणारा भिक्षू कसा असावा, याविषयी सांगितलेले गुण तर प्रत्येक अॅडमिनने भिंतीवर लावावेत असे आहेत. तो आवडीने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वाट सोडणारा नसावा, आणि शलाका कोणी घेतली व कोणी घेतली नाही याचे त्याला भान असावे. आपल्या ग्रुपवरील बहुतेक अन्याय या चारांपैकी एका कारणाने घडतात. मित्राचे शब्द सौम्य वाटतात, विरोधकाचे तेच शब्द उद्धट वाटतात. पुरेशी माहिती न घेता निर्णय होतो. किंवा एखाद्या वजनदार देणगीदाराची नाराजी नको, म्हणून दुर्बळ सभासदाला वगळले जाते.

महावग्गात एक कथा आहे, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. काशी जनपदातील वासभ नावाच्या गावी काश्यपगोत्र नावाचा एक भिक्षू राहत असे. येणाऱ्या भिक्षूंची सोय व्हावी, त्यांना सुखाने राहता यावे, याची त्याला मोठी आस्था होती. एकदा काही भिक्षू आले. त्याने त्यांच्या आसनाची, स्नानाची, पेजेची, भोजनाची सर्व व्यवस्था केली. भिक्षू तेथेच राहिले. काही काळाने त्याला वाटले की, पाहुण्यांना आता गाव परिचित झाले आहे आणि परक्या घरी रोज मागत फिरणे कष्टाचे असते. म्हणून त्याने ती खटपट थांबवली. पाहुण्यांना राग आला. हा आपल्यासाठी आता काही करीत नाही, हा याचा अपराध, असे म्हणून त्यांनी त्याला संघातून निलंबित केले. काश्यपगोत्राला समजेना की, आपला अपराध झाला आहे की नाही, आपण निलंबित आहोत की नाही. तो चालत चंपा नगरीला भगवंतांकडे गेला. भगवंतांनी त्याची हकीकत विचारली, ऐकून घेतली आणि सांगितले की, यात अपराध नाही, हे निलंबन धर्माला धरून नाही, तू आपल्या गावी जाऊन पूर्ववत राहा. पुढे त्या भिक्षूंनाही पश्चात्ताप झाला. ते चंपेला आले, त्यांनी दोष कबूल केला आणि भगवंतांनी त्यांची कबुली स्वीकारली.

वर्षानुवर्षे जयंतीचे भोजन शिजवणारा, विमानतळावरून पाहुण्यांना आणणारा, सभागृहाच्या खुर्च्या लावणारा आणि एके दिवशी नकार दिला म्हणून बाजूला सारला गेलेला असा काश्यपगोत्र आपल्या प्रत्येक शहरात आहे. त्याला चालत जाण्यासाठी चंपा कोठे आहे, हा माझा प्रश्न आहे. दाद मागण्याची जागा असल्यामुळे वगळलेल्याला न्याय मिळाला आणि वगळणाऱ्यांनाही आपली चूक सुधारण्याची संधी मिळाली. ती जागा नसती तर दोन्ही पक्ष आयुष्यभर आपापल्या रागात बसून राहिले असते.

तसे झाल्यास काय होते, ते कौशांबीच्या कलहातून दिसते. एका भिक्षूच्या निलंबनावरून तेथील संघात दोन तट पडले. भगवंतांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते कौशांबी सोडून गेले. अखेर उपासकांनी त्या भिक्षूंना वंदन आणि भिक्षा देणे थांबवले, तेव्हा कोठे त्यांना समेटाची बुद्धी झाली. सामान्य सभासदांनी यातून आपली जबाबदारीही ओळखावी. कार्यकारिणी चुकत असेल तर मूक राहणे हा तटस्थपणा ठरत नाही.

तक्रार करणाऱ्यावरही विनयाने बंधने घातली आहेत. दोष दाखवणाऱ्याने योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. दब्ब मल्लपुत्र या सेवाभावी भिक्षूवर रचलेला खोटा आरोप चौकशीत उघडा पडला आणि निराधार आरोप करणे हाच गंभीर अपराध ठरला. तसेच एका भिक्षूचा गंभीर दोष संघाच्या अनुमतीवाचून बाहेरच्यांना सांगण्यासही मनाई आहे. म्हणजे संघात उघडपणा आणि संघाबाहेर संयम, असा हा तोल आहे. आपल्याला नेमका तोच हवा आहे.

आजच्या जगाचा अनुभव

ज्या देशात आपण राहतो तेथील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील असंख्य संस्थांच्या सभा ज्या नियमावलीने चालतात ती हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात अध्यक्षाच्या निर्णयावर सभेकडे दाद मागण्याची तरतूद आहे. एका सभासदाने मागणी केली आणि दुसऱ्याने अनुमोदन दिले की अंतिम निर्णय सभेचा. रुग्णालयातील डॉक्टरवर कारवाई करण्यासंबंधी अमेरिकी काँग्रेसने १९८६ साली कायदा केला. रुग्णालयाला त्या कायद्याचे संरक्षण हवे असेल तर त्याने वस्तुस्थिती शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावा, डॉक्टरला कारणांसह सूचना द्यावी, सुनावणी मागण्यासाठी किमान ३० दिवस द्यावेत आणि निर्णय करणारी मंडळी त्या डॉक्टरची व्यावसायिक प्रतिस्पर्धी नसावीत. रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका असल्यास आधी थांबवून नंतर सुनावणी घेता येते, आणि चौकशीपुरते १४ दिवसांपर्यंत काम थांबवता येते. रक्तस्राव आधी थांबवावा आणि निदान मग सावकाश करावे, हेच हे तत्त्व आहे.

समाजमाध्यमे चालविणाऱ्या बलाढ्य कंपन्यांकडे अभ्यासकांनी २०१८ साली सांता क्लारा येथे तयार केलेल्या तत्त्वांद्वारे तीन मागण्या केल्या: किती मजकूर आणि किती खाती काढली त्याचे आकडे द्या, ज्याचे काढले त्याला कारणासह कळवा आणि दाद मागण्याची सोय ठेवा. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्याने कारण देणे बंधनकारक केले. ज्या कंपन्यांचे कोट्यवधी ग्राहक आहेत त्यांच्याकडून आपण ही अपेक्षा करतो. मग दोन-अडीचशे कुटुंबांच्या, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या आपल्या संघटनेला ते अशक्य का वाटावे?

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, चालक विनामूल्य सेवा देतात, त्यांच्यावर एवढा कारभार लादू नये. त्यांच्या सेवेचे मोल कमी नाही. परंतु लेखी नियम चालकाचे ओझे हलके करतो, हे लक्षात घ्यावे. नियम नसला की प्रत्येक निर्णय त्याचा वैयक्तिक निर्णय होतो आणि प्रत्येक राग त्याच्या दारी येतो. रुग्णाच्या कागदावर नोंद करण्यात डॉक्टरची पाच मिनिटे जातात, पण तीच नोंद पुढे रुग्णाचे आणि डॉक्टरचे दोघांचेही रक्षण करते.

दुसरा आक्षेप असा की, आपण एक कुटुंब आहोत, येथे नियमांची भाषा कशाला? कुटुंबाची उपमा गोड आहे, पण कुटुंबात कोणाचे चालते हे आपल्या भगिनींना विचारावे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, संवैधानिक नीती ही माणसाची नैसर्गिक भावना नव्हे, ती जोपासावी लागते. केवळ प्रेमावर सोपवलेला न्याय प्रेमातल्या माणसांनाच मिळतो.

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा. विशेषतः एखाद्या भगिनीने तक्रार केली असेल तर तिचे नाव फुटता कामा नये, हे निर्विवाद आहे. परंतु तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवूनही आरोप काय आहे ते सांगता येते, आणि कोणाचेही नाव न देता वर्षभरात किती प्रकरणे आली, किती जणांना ताकीद दिली, किती जणांना वगळले, हे सांगता येते.

चौथा आक्षेप कायद्याच्या भीतीचा. सभासदाने लिहिलेल्या मजकुरासाठी अॅडमिनला तुरुंगात जावे लागेल, असे संदेश भारतातून वरचेवर येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ सालीच स्पष्ट केले आहे की, समान हेतू वा पूर्वनियोजित कट नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अॅडमिनला दोषी धरता येत नाही. तेव्हा भीतीपोटी तोंडे बंद करण्याचे कारण नाही.

काय करता येईल?

संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे विचारार्थ पुढील सूचना नम्रपणे मांडीत आहे.

१. ग्रुपचे नियम एका पानात, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहून सर्वसाधारण सभेने मंजूर करावेत. नव्या सभासदाला ते पहिल्याच दिवशी द्यावेत. कार्यकारिणीवर टीका करणे आणि हिशेब विचारणे हा नियमभंग नाही, हे त्यांत स्पष्ट लिहावे.

२. गोपनीयतेचा भंग, धमकी, महिलांचा अवमान अशा तातडीच्या प्रसंगी अॅडमिनने सभासदाला लगेच थांबवावे, मात्र जास्तीत जास्त १४ दिवसांसाठी. त्यापुढील निर्णय त्याचा नसावा.

३. तो निर्णय तीन जणांच्या समितीने करावा. तिच्यात कार्यकारिणीचा पदाधिकारी वा अॅडमिन नसावा. एक तरी भगिनी असावी आणि एक तरी येथेच वाढलेल्या पिढीतील असावा. प्रकरणाशी नातेसंबंध असलेल्याने त्या वेळी बाजूला व्हावे.

४. आरोप लेखी कळवून बाजू मांडण्यास पुरेसा वेळ द्यावा. निर्णयाचे कारण दोन-चार ओळींत का होईना, लेखी द्यावे.

५. सर्वसाधारण सभेकडे दाद मागण्याचा हक्क असावा, आणि एकदा सभेने निकाल दिला की तो वाद पुन्हा उकरू नये.

६. वगळणे कायमचे नसावे. विनयात निलंबित भिक्षूला परत घेण्याची रीत आहे, आपल्याकडेही ठरावीक मुदतीनंतर परतण्याची वाट असावी. आणि ग्रुपमधून वगळलेल्या सभासदाच्या कुटुंबाला जयंती, धम्मवर्ग आणि दुःखाच्या प्रसंगी मिळणारी मदत कधीही नाकारू नये.

७. वर्षातून एकदा, नावे न देता, अशा प्रकरणांची संख्या अहवालात छापावी. ही स्मरणिका त्यासाठी योग्य जागा आहे.

यांखेरीज एक सूचना अशी आहे की जिला नियमापेक्षा परंपरेचे बळ आहे. वर्षावासाच्या अखेरीस भिक्षुसंघात पवारणा होत असे. प्रत्येक भिक्षू, थेरांपासून प्रारंभ करून, संघाला विनंती करी की, माझ्या हातून घडलेले काही दोष आपण पाहिले, ऐकले वा आपणास शंका आली असेल तर अनुकंपेने मला सांगा. स्वतः तथागतांनी आपल्या काया-वाचेत काही दोष दिसतो काय, असे भिक्षूंना विचारल्याचे सुत्तपिटकात नमूद आहे. आपल्या कार्यकारिणीने धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात, हारतुरे आणि सत्कार आटोपल्यावर, अर्धा तास या पवारणेसाठी राखून ठेवावा. पदाधिकाऱ्यांनी प्रथम विचारावे, सभासदांनी सौम्यपणे आणि खरे सांगावे.

बंधू-भगिनींनो, ‘विनय’ या शब्दाचा पाली परंपरेत अर्थ शिस्त, आणि मराठीत अर्थ नम्रता. अधिकार हाती असलेल्या माणसाला या दोन्हींची सारखीच गरज असते. आपली मुले आपल्याकडून आंबेडकरवाद शिकणार आहेत तो भाषणांतून कमी आणि आपण संस्था कशा चालवतो ते पाहून अधिक. न आवडणारा प्रश्न विचारणाऱ्याला या घरात बोलू दिले जाते, त्याला थांबवावे लागले तर कारण सांगितले जाते आणि चुकलेल्याला परत येता येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या वाडवडिलांनी काय स्वीकारले होते, ते त्यांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!